गोंदियाची ट्राम

आमचे घरमालक कुठेही गेले की आधी माणसं मोजायचे. लग्नाच्या मांडवात, रेशनच्या रांगेत, देवळातल्या आरतीला, अगदी कुणाच्या मयतीलासुद्धा. ओठ हलायचे, उजव्या हाताचं बोट मांडीवर टकटक करायचं आणि मग ते शेजारच्या माणसाच्या कानाशी लागून सांगायचे, "त्रेचाळीस. मागचे पुढं सरकले असते त अजून सात मावले असते." शेजारचा दुःखात आहे की आनंदात याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे. सरकारी लाल गाडीवर तीस वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस. निवृत्त झाला तरी दारात उभं राहून जगाला आत सरकवायची जबाबदारी त्यांनी सोडली नव्हती.

मी सांगलीकडची. दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. गोंदियाच्या एका कॉलेजात ग्रंथपाल म्हणून लागले आणि बाजाराच्या जवळ, दुर्गा चौकाच्या मागच्या गल्लीत यांची माडी भाड्याने घेतली. पहिल्या भेटीत त्यांनी मला माझं गाव, जात, पगार असलं काही विचारलं नाही. म्हणाले, "एकट्याच का?" मी हो म्हटलं. "वर चार सीट बसते. तुमी एक. तीन रिकाम्या जाऊन राहिल्या, पन चालते." मग जरा थांबून, "कायले आल्या जी इतक्या दूर?" हे ऐकून मी मनातून भडकले होते. हा माणूस मला हाकलतोय की काय? पुढे कळलं, इकडे माया असली तरी ती अशीच बोलते.

त्यांच्या घरात घंटीची भाषा चालायची. बसमध्ये कंडक्टर दोरी ओढतो ना, एकदा ओढली तर थांबा आणि दोनदा ओढली तर चला, तीच. सकाळी मी कॉलेजला निघाले की ओसरीतल्या खुर्चीच्या हातावर टक टक असे दोन ठोके पडत. म्हणजे जा आता. कधी एकच ठोका पडे. मग मी जिन्यातच थांबायची, कारण त्याचा अर्थ छत्री तरी विसरलेय, नाहीतर साडीचा काठ तरी कशात अडकलाय. पहिल्या महिन्यात मला या ठोक्यांचा वैताग यायचा. दुसऱ्या महिन्यात दोन ठोके पडल्याशिवाय माझा पाय उंबऱ्याबाहेर पडेना.

काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. अंगाने लहानखुऱ्या, बोलायला तिखट आणि चालायला वाऱ्यासारख्या. चालायला असं मी मुद्दाम म्हणतेय, कारण काकू कुठल्याही वाहनात बसत नसत. रिक्षा नाही, बस नाही, शेजाऱ्याची मोटार नाही, सायकलचा कॅरिअरही नाही. मी तिथे राहायला गेल्यावर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात दवनीवाड्याहून, म्हणजे त्यांच्या माहेराहून, भाऊ गेल्याचा निरोप आला. दवनीवाडा काही हाकेच्या अंतरावर नाही. काकूंनी पदर खोचला आणि पहाटे चालायला लागल्या. मी माडीवरून पाहत होते. त्यांच्या दहा पावलं मागे काका, एका हातात सायकल धरलेली, हँडलला पाण्याची कॅन. सायकलवर बसले नाहीत आणि काकूंना हाकही मारली नाही. त्या चालतायत म्हणून हेही चालत निघाले, दिवसभराच्या वाटेला. मला तेव्हा कारण माहीत नव्हतं, पण असलं काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि त्या दिवशी कॉलेजात मी एकाही मुलावर ओरडले नाही.

दुसरी एक गोष्ट मात्र मला लागली होती. कॉलेजचं स्नेहसंमेलन होतं, काकांना पास दिला होता. मला यायला उशीर होणार होता म्हणून सहज म्हटलं, "काका, तुम्ही आधी जाताय, तर माझ्यासाठी शेजारची जागा धरून ठेवा." खुर्चीवर रुमाल टाकायचा, बस, त्यात काय एवढं? इकडे रुमालाला दस्ती म्हणतात. बसच्या खिडकीतून दस्ती आत फेकली की ती सीट तुमची, हा तर गोंदियाच्या स्टँडवरचा अलिखित कायदा. आणि हे तर कंडक्टर! पण काकांचा चेहराच बदलला. "जागा मी धरत नाही. कोनाचीच नाही. उशीर झाला त उभ्या राहा." एवढं बोलून आत गेले. मी आठवडाभर त्यांच्याशी धड बोलले नाही.

त्यांची मुलगी मेलबर्नला होती. तिला दिवस गेले, तारीख जवळ आली, आणि आईने बाळंतपणाला यावं म्हणून तिचे फोन सुरू झाले. जी बाई रिक्षात पाय ठेवत नाही ती विमानात काय बसणार! शेवटी एका संध्याकाळी काकूंनी निकाल दिला, "थे जातीन. तेवढं मले पायी होनार नाही." गल्लीत हसू पिकलं. बाळंतपणाला बाप निघाला! काका शांत. "कोनी त गेलं पायजे," म्हणाले.

मग पंधरा दिवस त्या घरात जे चाललं ते आठवलं की मला आजही हसू येतं. काकूंनी पाट्यावरचा वरवंटा धुऊन, जुन्या लुगड्यात गुंडाळून काकांच्या मांडीवर दिला. रोज संध्याकाळी ओसरीत अंघोळीचा सराव. "मान धरा, मान! लेकरू आहे थे, टिकिटाची पेटी नाही!" काका घामाघूम. एकदा वरवंटा हातातून निसटून पायावर पडला. काका एका पायावर नाचतायत आणि काकू म्हणतायत, "रडलं असतं नं आता थे!" डिंकाच्या लाडवांचा डबा, बाळंतशोपा आणि एक लंगडता पाय घेऊन काका परदेशी गेले.

ते नसताना मी संध्याकाळी खाली जाऊन बसायची. एकदा काकू सुपात तांदूळ घेऊन निवडत होत्या. खाली बघतच म्हणाल्या, "मॅडम, तुमी थ्याइले जागा धराले सांगतली होती नं? राग नोका ठेवू." मग त्यांनी सांगितलं. त्यांना एक मुलगाही होता. नोकरीच्या परीक्षेला नागपूरला निघाला. सकाळी स्टँडवर ही गर्दी. काका ड्यूटीवरच होते. धावत जाऊन त्यांनी खिडकीतून आपली दस्ती आत फेकली, पोरासाठी खिडकीची सीट धरली आणि त्याला तिथे बसवून दिला. दुसऱ्या कंडक्टरची गाडी होती ती, पण दोन ठोके काकांनीच दाराच्या पत्र्यावर मारले. सडक अर्जुनीजवळ हायवेवर समोरून आलेला ट्रक गाडीला त्या खिडकीच्या बाजूने घासत गेला. गाडीतली बाकी माणसं जखमी झाली, पण वाचली. ती एक सीट वाचली नाही.

"जागा चांगली होती जी," काकू म्हणाल्या. "खिडकीची होती. थ्याइनं चांगली पाहूनच धरली होती."

"काकू, त्यात त्यांचा काय दोष?" मी म्हटलं.

"मी कुठं म्हनलं दोष? एक दिवस नाही म्हनलं. म्हनतच नाही म्हनून त थे अर्धे झाले." सुपातला खडा त्यांनी बाजूला टाकला. "अन् मी बसत नाही थे रागानं नाही. पायरीवर पाय ठेवला का पाय मांगं येते. गाडी घेऊन जाते थे दिसते मले. आनून सोडंन का नाही, कोन सांगन?"

मीही सुपातले चार दाणे उचलून निवडायला लागले. काकांनी त्या दिवसापासून कुणासाठी जागा धरली नव्हती. मुलाला नेलेल्या गाडीनंतर काकू कुठल्या गाडीत बसल्या नव्हत्या. एकाच घरात, एका चुलीवरचं खाऊन, ही दोन माणसं या दोन गोष्टी न बोलता सांभाळत होती.

काका तीन महिन्यांनी आले ते नातीचे फोटो घेऊन, असं मला वाटलं होतं. नातीचे फोटो होतेच. पण त्यांच्या तोंडी एकच विषय, ट्राम.

झालं असं की दुपारी मुलगी आणि बाळ झोपली की यांना घरात करमेना. जावयाने एका रविवारी शहराच्या मधोमध नेऊन दाखवलं, इथून एक जुनी ट्राम निघते, पाहुण्यांसाठी, फुकट. दुसऱ्या दिवसापासून काका एकटे. तांबड्या रंगाची, लाकडी बाकांची, रुळावरून हळूहळू चालणारी गाडी. पण पहिल्या दिवशी त्यांनी चार ट्राम सोडल्या. "फुकट म्हंजे काहीतरी घोटाळा असनच नं जी! चेकर पुढच्या चौकात उभा असन, अन् मंग म्हनन, गोंदियाचा कंडक्टर बिनटिकिट सापडला." तीस वर्षांत स्वतःच्या सासऱ्यालाही बिनतिकिटाचं न नेलेला माणूस तो. शेवटी कुणा म्हाताऱ्या गोऱ्या बाईने त्यांचा दंड धरून वर ओढलं तेव्हा ते चढले.

आणि मग बघतच राहिले. ते सांगायला लागले की मला ते शहर ओसरीत दिसायचं. दारावर ओळीने घड्याळं लावलेलं पिवळं स्टेशन, नदी, जहाजांचा धक्का, रुंद पायऱ्यांचं मोठं सरकारी घर, भाजीबाजार. गाडीत एक आवाज बोलायचा, डाव्या हाताला हे, उजव्या हाताला ते. काकांना त्यातलं डावं आणि उजवं एवढंच समजे, पण तेवढ्यावर त्यांची मान बरोबर वळायची.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्यांच्या हातून तो प्रकार घडला. गाडी थांब्यावर उभी, माणसं चढून झालेली, एक म्हातारा सावकाश बसलेला. डोक्यावर दोरी लोंबत होती. काकांचं तिकडे लक्षच नव्हतं हो, हाताने आपलं काम केलं. दोनदा ओढली. आणि गाडी निघाली! पुढच्या थांब्यावर ड्रायव्हर उठून मागे आला. पांढऱ्या मिशांचा, उंचापुरा. आता पोलीस, असं समजून काका उभे राहिले. त्याने काकांकडे पाहिलं, दोरीकडे बोट केलं, दोन बोटं वर केली आणि हसून यांचा हात हातात घेतला. त्या गावातही पूर्वी कंडक्टर होते, आणि तिथेही दोन म्हणजे चला. "थ्याले माझी भाषा नाही येत, मले थ्याची नाही. पन डबल थ्याले समजला नं जी!" खरं किती आणि मीठमसाला किती, ते काकाच जाणोत.

पण ते खरे गारद झाले होते ते दुसऱ्याच गोष्टीने. पहिल्या दिवशी पाऊण तास फिरल्यावर खिडकीत तेच घड्याळांचं स्टेशन पुन्हा आलं, तेव्हा यांना वाटलं आपण वाट चुकलो. मग कळलं की गाडी गोल फिरते. जिथून घेतलं तिथेच आणून सोडते. "मॅडम, तीस वर्षं मी लोक नेऊन सोडले. आनून कोनाले सोडलं? ही गाडी कुठंच नेत नाही. दाखवते अन् घरी आनते." मग आवाज एकदम खाली आणून, काकू आत आहेत ना हे पाहून, त्यांनी मला सांगितलं, "शेवटच्या दिवशी मी बाजूच्या सीटवर दस्ती टाकली. पूरी फेरी. गाडी भरली, लोक उभे राहिले, पन कोनी दस्ती नाही उचलली."

मी आत काकूंकडे एकदा पाहिलं. ती दस्ती कुणासाठी, हे विचारायची गरज नव्हती.

पुढच्या महिन्यात गल्लीच्या तोंडाशी एक सायकलरिक्षा उभी राहिली. शाळेची मुलं नेतात तसली, तीन चाकांवर पत्र्याचा खोका आणि आत समोरासमोर दोन बाक. ओढणारा छत्तीसगढचा, हिंदी बोलणारा, चाळिशीतला गडी. दुपारपर्यंत शाळेची मुलं पोचवून तो मोकळाच असे. काकांनी त्याला पेन्शनीतून महिना बांधून दिला, खोक्याला तांबडा रंग मारला, भंगारातून बसची जुनी घंटी आणून दोरीसकट बसवली आणि मागच्या फळीवर स्वतः उभे राहिले. चार सीटची गाडी. रोज संध्याकाळी पाच वाजता गल्लीच्या तोंडावरून निघणार, गंज बाजार, स्टेशनचा रस्ता, जयस्तंभ चौक करून परत. फुकट.

"काका, फोकट में कौन बैठेगा?" रिक्षावाला म्हणाला. "लोग समझेंगे चुनाव आ गया." आणि तसंच झालं. पहिला आठवडा लोक लांबून विचारत, कौन सी पार्टी की है? कुणी बसेना. मग पेन्शनर बसायला लागले, बाजार आटपून टोपली घेऊन घरी निघालेल्या भाजीवाल्या बसायला लागल्या, आणि लाज सोडून मीही बसले. गावाने नाव पाडलं टराम. काका दुरुस्त करून सांगत, ट्राम. कुणी ऐकलं नाही.

चारपैकी सीट मात्र तीनच. मागच्या दाराजवळची उजवी सीट कायम धरलेली, तिच्यावर काकांची लाल चौकटीची दस्ती. फेरीतला पहिला थांबा त्यांचं स्वतःचं घर. तिथे घंटी एकदा वाजे. गाडी बरोबर एक मिनिट थांबे. काका दाराकडे पाहत नसत, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत. मग दोन घंट्या आणि गाडी पुढे.

रोज. उन्हाळ्याचं शेवटचं ऊन, मग पाऊस, ताडपत्री, चिखल. रोज एक घंटी, एक मिनिट, दोन घंट्या. मी एकदा न राहवून विचारलं, "काका, काकूंना सरळ सांगत का नाही की चला म्हणून?" ते म्हणाले, "पॅसेंजरले वढत नसते जी. गाडीनं टायमावर यावं, थांबावं." मी सांगलीची, आमच्याकडे एका गोष्टीसाठी दहादा भांडतात. या माणसाचं हे थांबणं बघून मला स्वतःच्याच जिभेची लाज वाटायची.

एकदा स्टेशनच्या रस्त्यावर एक राइस मिलवाले शेठ आडवे आले. मोटार बंद पडलेली, हातात जड बॅग, घाम निथळतोय. "ये सीट तो खाली है."

"धरली आहे," काका म्हणाले.

"किसके लिए?"

"पुढं चढतीन थ्या."

"अरे भाई, पैसे ले लो!"

"फुकट गाडी आहे शेठ. पैसे घेऊन कशी देऊ?"

शेठ असे तापले की रिक्षाच्या बरोबरीने चालायलाच लागले, कोण महाराणी चढते ते बघायला. जयस्तंभ चौकातून गल्लीपर्यंत आले. गल्लीत आल्यावर काकांनी त्या दिवसाची दुसरी फेरी लगेच सुरू केली, म्हणजे पुन्हा पहिला थांबा, घर. एक घंटी. आम्ही तिघे दाराकडे बघतोय. दार बंद. एक मिनिट गेलं. "कहाँ है आपकी सवारी?" शेठनी विचारलं. काकांनी घड्याळावरून नजर उचलली. "आज नाही आल्या. उद्या येतीन." आणि दोन घंट्या. माझ्या शेजारची भाजीवाली खाली उतरून शेठच्या कानाशी काहीतरी बोलली. शेठ तिथेच बॅग हातात धरून त्या बंद दारासमोर उभे राहिलेले मला दिसले. आठ दिवसांनी त्यांच्या मिलचा माणूस आला आणि चार सीटसाठी कापूस भरलेल्या चार नव्या गाद्या देऊन गेला. चार, तीन नव्हे.

काकांच्या ट्राममध्ये आवाजही बोलायचा, काकांचाच. डाव्या हाताला, उजव्या हाताला. आता गोंदियात पाहुण्याला दाखवण्यासारखं असं काय आहे? मी आधी हसायची. डाव्या हाताले मिठाईवाला, याची गरम जिलबी पहिल्या दिवाळीले घरी आनली होती. उजव्या हाताले डॉक्टरीणबाईचा दवाखाना, पोरगी इथं झाली, पोरगाबी इथंच. हे टॉकीज, इथं मध्येच लाइट गेली अन् आमी पायी घरी गेलो. हा बांगडीवाला, लग्नानंतर पहिला चुडा इथला. दहा-बारा फेऱ्यांनंतर माझं हसू थांबलं. गावाच्या मधोमध फिरून हा माणूस फक्त एका बाईला दाखवण्याच्या गोष्टी दाखवत होता, आणि ती बाई सोडून आम्ही सगळे त्या बघत होतो.

आणि ती बाई? पहिले काही दिवस पाच वाजता काकूंचं दार आतून लागलेलं असे. पावसाळ्यात ते नुसतं लोटलेलं असे. दसऱ्याला त्या आतल्या खोलीत भाजी चिरत बसलेल्या दिसत. दिवाळीनंतर, गावोगावच्या मंडया, म्हणजे इकडच्या जत्रा, भरायच्या सुमाराला, सूप घेऊन ओसरीत. मी काकांना म्हणायची, बघा, काकू ओसरीत आल्या. ते म्हणत, "मी कायले पाहू? मी ड्यूटीवर आहो."

ओसरीत बसल्यामुळे काकूंना काकांचं बोलणं ऐकू यायला लागलं, कारण घरासमोरच्या थांब्यावर ते पुढच्या फेरीत काय काय दिसेल ते आधी सांगून ठेवत. एका संध्याकाळी मी माडीवर जात होते तर काकूंनी मला अडवलं. फणकारल्या होत्या. "काय सांगून राहिले हे लोकायले? बांगडीवाला डाव्या हाताले? उजव्या हाताले आहे थो! अन् हिरवा चुडा म्हनते. लाल होता. माझ्या हातात होता का थ्याइच्या?"

मी काकांना सांगितलं. काका म्हणाले, "असं का?" आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डाव्या हाताला, पुन्हा हिरवा. तिसऱ्या दिवशी तर त्यांनी दवाखानाही रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवला. बत्तीस थांब्यांचा रूट झोपेत म्हणून दाखवणारा हा माणूस! चुकतो तो मुद्दाम की म्हातारपणाने, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

धानाची कापणी होऊन गेली होती, हवेत गारवा होता. पाच वाजले. गाडीत एक पेन्शनर मास्तर, भाजीवाली आणि मी. घरासमोर एक घंटी. "आता पुढं," काका सांगायला लागले, "डाव्या हाताले बांगडीवाला..."

काकू ओसरीतून उठल्या. सूप खाली ठेवलं, पायात चपला घातल्या, तरातरा गाडीपर्यंत आल्या. "डाव्या हाताले, डाव्या हाताले! सरका, मीच दाखवते लोकायले." आणि एक पाय फळीवर ठेवला.

पाय मागे आला.

रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं आणि लगेच मान पुढे केली. काकूंचा हात पत्र्याच्या कडेवर होता, बोटं पांढरी पडली होती. फणकारा कुठल्या कुठे गेला होता. काका घड्याळाकडे पाहत होते. एक मिनिट झालं. आठ महिन्यांत पहिल्यांदा मिनिट संपलं आणि घंटी वाजली नाही. दुसरं मिनिट झालं. मी देवाला हात जोडणारी बाई नाही, पण तेव्हा पदराखाली जोडले होते.

काकूंनी पुन्हा पाय ठेवला. या वेळी दुसराही उचलला.

आत आल्यावर त्या वाकून त्या सीटसमोर थांबल्या. सीटवर दस्ती होती. ती काकांनी टाकलेली होती, काकांनी धरलेली जागा होती. काकू तिच्याकडे बघत राहिल्या, काका काकूंकडे, आणि घड्याळ तसंच मनगटावर. मग काकूंनी दस्ती उचलली, झटकली, चार घड्या करून मुठीत धरली आणि त्या जागेवर बसल्या.

काकांनी दोरी हातात घेतली. पण ओढली काही जाईना.

"वाजवा नं जी," काकू म्हणाल्या.

काकांना जमेना. तेव्हा काकूंनीच हात वर केला आणि दोरी ओढली, एकदा, मग दुसऱ्यांदा. रिक्षावाल्याने पायडलवर जोर दिला. गाडी निघाली.

गंज बाजारापर्यंत काकू डोळे मिटून होत्या. बांगडीवाला आला तेव्हा उघडले. उजव्या हाताला होता. "हे पाहा," त्या मास्तरांना म्हणाल्या, "अन् लाल." पुढचं सगळं त्यांनीच दाखवलं. दवाखाना आला तेव्हा त्यांनी तिकडे बोट केलं. मग म्हणाल्या, "इथं पोरगी झाली. पोरगाबी इथंच झाला." त्यांच्या तोंडून मुलाचा उल्लेख काकांसमोर मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. काका मागच्या फळीवर उभे होते, आणि त्या दिवशी त्यांनी डावं-उजवं काहीच सांगितलं नाही.

जयस्तंभ चौक मागे पडला. गाडी वळली, गल्लीत शिरली. ओसरी दिसली, तिथे सूप ठेवलं होतं तसंच होतं, चिमण्या तांदूळ टिपत होत्या. रिक्षावाल्याने घंटीची वाट न बघता गाडी थांबवली. काकू काही वेळ आपल्या दाराकडे बघत बसल्या. मग मान वळवून म्हणाल्या, "आनलं जी तुमी परत."

काकांचे ओठ हलायला लागले, बोट मांडीवर टकटक करायला लागलं. मास्तर, भाजीवाली, मी, काकू.

"चार," ते म्हणाले. "नेले तेवढे आनले."

मग त्यांनी खिशात हात घातला. दस्ती काकूंच्या मुठीत होती, म्हणून त्यांनी सदऱ्याच्या बाहीनेच डोळे पुसले.